बेडकाच्या अंड्यांना वेळ कोण सांगतं?

बेडकाच्या मादीचा अंडाशय शरीरातून काढून मिठाच्या सौम्य द्रावणात ठेवला आणि त्यात बेडकाच्याच मेंदूखालच्या पियुषिका (पिट्युटरी) ग्रंथीचा अर्क घातला, तर त्या अंडाशयातून अंडी सुटू लागतात. १९३० आणि ४०च्या दशकांत अमेरिकेतल्या प्रयोगशाळांमध्ये हा प्रयोग पुन्हा पुन्हा झाला आणि भिंगाखाली काय दिसतं ते बारकाईनं नोंदवलं गेलं. प्रत्येक अंडं स्वतःच्या पातळ पिशवीत बसलेलं असतं. पिशवीच्या बाहेरच्या बाजूला एक बारीक छिद्र पडतं. भिंतीतले स्नायुतंतू हळूहळू आवळत जातात. छिद्रापेक्षा कितीतरी मोठं असलेलं ते अंडं मधोमध दाबलं जातं, आकार बदलत पुढे सरकतं आणि काही मिनिटांत मोकळं होतं. या सगळ्यात मेंदू नाही, मेरुरज्जू नाही, बाहेरून येणारा एकही मज्जातंतू जोडलेला नाही.

मग बेडकाच्या प्रजननात मज्जातंतूंचं काम काय? हाताचा स्नायू हलवायचा तर नस लागते, नस तुटली की हात लुळा पडतो. अंडाशय आणि वृषण यांचं तसं नाही. ते रक्तातून आलेल्या संप्रेरकांचं ऐकतात. तरीही निसर्गातल्या मादीचा मेंदू बिघडला तर तिची अंडी जिथल्या तिथे राहतात. या दोन गोष्टी एकत्र खऱ्या कशा, हे समजलं की विषयाची गाठ सुटते. मला यातून जे उमगलं ते असं: उभयचरांमध्ये मज्जातंतू अंडी किंवा शुक्राणू तयार करत नाहीत, ते वेळ जुळवतात. आणि ही वेळ ते मुख्यतः रोखून धरून जुळवतात. शरीर तयार असतं, मेंदू थांबवून ठेवतो आणि योग्य घटकेला सोडतो.

काही मिनिटांचा प्रश्न

वेळेचं एवढं महत्त्व का, ते आधी पाहू. बहुतेक बेडकांमध्ये फलन मादीच्या शरीराबाहेर, पाण्यात होतं. अंड्याभोवती जेलीचं आवरण असतं. पाण्यात पडलं की ती जेली पाणी शोषून फुगायला लागते आणि काही मिनिटांतच शुक्राणूंना आत शिरणं अवघड होऊन बसतं. शुक्राणूंची कहाणी याहून घाईची आहे. वृषणातल्या खारट द्रवात ते निश्चल पडून असतात. गोड्या पाण्यात आले की त्यांना गती मिळते, पण त्यांच्याजवळची ऊर्जा थोडी असते आणि ती झपाट्यानं संपते.

म्हणजे दोन वेगळ्या शरीरांमधून दोन वेगळ्या गोष्टी एकाच जागी, जवळजवळ एकाच क्षणी बाहेर पडायला हव्यात. रक्तातून फिरणारं संप्रेरक हे काम एकट्यानं करू शकत नाही. संप्रेरकाचा परिणाम व्हायला तास, कधी दिवस लागतात. ऋतूची तयारी त्यानं होते. मिनिटांचा मेळ घालायला मज्जातंतूच लागतात.

नाकात जन्मलेल्या पेशी

ऋतूची तयारी सुरू करणारा पहिला हुकूमसुद्धा मज्जापेशींकडूनच येतो. मेंदूच्या तळाशी, हायपोथॅलॅमस आणि त्याच्या पुढच्या भागात, थोड्याशा मज्जापेशी एक छोटं रसायन बनवतात. त्याचं नाव गोनॅडोट्रोपिन रिलीजिंग हॉर्मोन, थोडक्यात जीएनआरएच. फक्त दहा अमिनो आम्लांची साखळी. डुकरांच्या आणि मेंढ्यांच्या मेंदूंतून ती वेगळी काढून तिची रचना १९७१मध्ये उलगडली गेली, आणि त्या कामाबद्दल अँड्र्यू शॅली व रॉजर गिलेमिन यांना १९७७चं नोबेल पारितोषिक मिळालं. पुढे बेडकांचे मेंदू तपासले तेव्हा बऱ्याच जातींत अगदी तीच साखळी सापडली. दहाच्या दहा अमिनो आम्लं त्याच क्रमानं. डुक्कर, माणूस आणि बेडूक यांचे पूर्वज वेगळे होऊन कोट्यवधी वर्षं लोटली, पण या दहा अक्षरांत फरक पडला नाही.

या पेशींचा जन्मही विलक्षण आहे. त्या मेंदूत जन्मत नाहीत. भ्रूणाच्या चेहऱ्यावर जिथे पुढे नाकाची आतली त्वचा तयार होते, तिथे त्या जन्मतात. तिथून मेंदूकडे जाणाऱ्या एका बारीक मज्जातंतूच्या आधारानं त्या सरकत सरकत मेंदूत शिरतात आणि आपल्या जागी स्थिरावतात. माणसांमध्ये हा प्रवास अडला तर मुलाला वास येत नाही आणि वयातही येता येत नाही. डॉक्टर याला कालमन सिंड्रोम म्हणतात. बेडूक आणि सॅलॅमँडर यांच्यातही हाच मज्जातंतू आणि त्याच्या वाटेवर पसरलेल्या याच पेशी दिसतात.

मेंदूत पोचलेल्या या पेशींचे लांब तंतू पियुषिका ग्रंथीच्या अगदी जवळ येऊन थांबतात. तिथे बारीक रक्तवाहिन्यांचं जाळं असतं. तंतूंच्या टोकांतून जीएनआरएच त्या रक्तात सोडलं जातं, पियुषिका ते ओळखते आणि स्वतःची दोन संप्रेरकं रक्तात पाठवते. त्यांतलं एलएच नावाचं संप्रेरक अंडाशयाला अंडी सोडायला आणि वृषणाला शुक्राणू मोकळे करायला लावतं. पाटावरचा पाटकरी स्वतः कुणाच्या शेतात पाणी घालत नाही, तो दार उचलतो आणि पुढचं काम पाणी करतं. मेंदूतल्या या पेशींचा अंडाशयाशी संबंध तेवढाच आहे. म्हणूनच काचेच्या भांड्यातल्या अंडाशयाला अर्क मिळाला की त्याचं भागतं. दार कुणी उचललं, हे त्याला विचारायची गरज नसते.

हे किती खरं आहे याचा पुरावा माणसांच्या दवाखान्यांत मिळाला. दक्षिण आफ्रिकेतल्या झेनोपस बेडकाच्या मादीला गर्भवती स्त्रीच्या लघवीतला अंश टोचला तर ती अर्ध्याएक दिवसात अंडी घालते. गर्भारपणात तयार होणारं स्त्रीचं संप्रेरक बेडकाच्या अंडाशयाला एलएचसारखंच वाटतं. लॅन्सलॉट हॉगबेन यांच्या नावानं ओळखली जाणारी ही चाचणी १९३०च्या दशकापासून पुढे कितीतरी वर्षं रुग्णालयांत वापरात होती. १९४७मध्ये अर्जेंटिनाच्या गाली मायनिनी यांनी नर भेकावरची (खरखरीत कातडीच्या टोडवरची) चाचणी पुढे आणली. त्यात अंड्यांऐवजी भेकाच्या लघवीत शुक्राणू दिसतात का ते पाहायचं. मादी बिचारी अंडी घालेपर्यंत थांबण्यापेक्षा हे लवकर होई.

आवाज कानात, परिणाम अंडाशयात

पाटकरी दार कधी उचलतो? उन्हाळा सरतो, हवेतला दमटपणा वाढतो, पहिला जोराचा पाऊस पडतो. डोळे, कातडी, नाक यांच्यातून हे सगळं मेंदूपर्यंत जातं. पण मला सर्वांत जास्त भावतो तो कानाचा रस्ता.

आपल्याकडे जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर भाताच्या खाचरांत आणि डबक्यांत हिंदी बुलफ्रॉगचे नर एकदम पिवळेधमक होतात. गालांशेजारच्या निळ्या पिशव्या फुगवून ते रात्रभर ओरडतात. हा आवाज मादीला नराची जागा सांगतो, एवढंच आपण साधारणतः धरून चालतो. प्रत्यक्षात तो आवाज तिच्या अंडाशयापर्यंत पोचतो. मध्य अमेरिकेतल्या टुंगारा बेडकांच्या माद्यांना प्रयोगशाळेत सलग काही रात्री नरांच्या कोरसचं, म्हणजे एकत्र ओरडण्याचं, ध्वनिमुद्रण ऐकवलं, तेव्हा त्यांच्या रक्तातलं इस्ट्रोजेन हे मादीचं संप्रेरक वाढलं. नुसते निरर्थक सूर ऐकणाऱ्या माद्यांमध्ये तसं झालं नाही. अमेरिकेतल्या हिरव्या झाडबेडकांच्या नरांवर सबरीना बर्मायस्टर आणि वॉल्टर विल्झिन्स्की यांनी असंच काम केलं. कोरस ऐकलेल्या नरांत संप्रेरकं बदलली आणि जीएनआरएच बनवणाऱ्या पेशींमध्येही फरक दिसला.

रस्ता असा आहे: आतल्या कानातून मज्जातंतू मेंदूच्या मागच्या भागात जातो, तिथून संदेश मधल्या मेंदूतल्या आवाज ओळखणाऱ्या केंद्रात, आणि तिथून पुढे हायपोथॅलॅमसकडे. स्वतःच्या जातीचा आवाज आणि इतर गोंगाट यांच्यातला फरक मधल्या मेंदूत ठरतो. पुढचा हुकूम त्यावर अवलंबून असतो. म्हणून रस्त्यावरच्या वाहनांच्या सततच्या आवाजात बेडकांचा कोरस बुडतो तेव्हा माद्यांना नर सापडणं तर अवघड होतंच, शिवाय शरीराला तयारीचा इशारा देणारी एक वाटही क्षीण होते. डबकं बुजवणं आपल्याला दिसतं, आवाज बुडवणं दिसत नाही.

बाहेर पडायची वाट

अंडाशयातून सुटलेली अंडी पोटाच्या पोकळीत पडतात. तिथून त्यांना फुप्फुसाच्या मुळाशी असलेल्या अंडवाहिनीच्या नरसाळ्यापर्यंत जायचं असतं. वाटेतल्या पोटाच्या आतल्या अस्तरावर असंख्य सूक्ष्म केसांसारखे तंतू असतात आणि ते सतत एकाच दिशेनं हलत असतात. अंडं त्यांच्यावरून आपोआप पुढे सरकतं. इथे मज्जातंतूंची गरज नाही. नुकत्याच मेलेल्या मादीच्या पोटातही हे तंतू बराच वेळ हलत राहतात. पुढे वेटोळ्या अंडवाहिनीत अंड्यांवर जेलीचे थर चढतात आणि शेवटी सगळी अंडी खालच्या रुंद पिशवीत गोळा होतात.

इथे अंडी थांबतात, आणि इथूनच मज्जातंतूंचं काम दाट होत जातं. या पिशवीच्या भिंतीत गुळगुळीत स्नायू असतात. त्यांना आकुंचन पावायला लावणारं एक महत्त्वाचं रसायन म्हणजे व्हॅसोटोसिन. तेही मज्जापेशींनीच बनवलेलं, नऊ अमिनो आम्लांचं. मेंदूच्या तळाशी असलेल्या या पेशींचे तंतू पियुषिकेच्या मागच्या भागात उतरतात आणि तिथून थेट रक्तात व्हॅसोटोसिन सोडतात. आपल्या शरीरातलं ऑक्सिटोसिन याच कुळातलं. स्त्रीच्या प्रसूतीत गर्भाशयाला कळा आणणारं रसायन आणि बेडकाच्या अंडवाहिनीला आवळणारं रसायन नात्यातली आहेत.

नराची वाट वेगळी आहे आणि थोडी चक्रावून टाकणारी. वृषणातून निघालेले शुक्राणू बारीक नळ्यांमधून मूत्रपिंडात शिरतात आणि मूत्र ज्या वाहिनीतून जातं त्याच वाहिनीनं अवस्करापर्यंत येतात. अवस्कर म्हणजे मूत्र, विष्ठा आणि शुक्राणू या तिन्हींसाठीचं एकच दार. एकाच नळीतून दोन कामं चालवायची तर कधी काय जाऊ द्यायचं यावर ताबा हवा. तो ताबा स्वायत्त चेतासंस्थेचा, म्हणजे आपल्या इच्छेशिवाय आतली इंद्रियं चालवणाऱ्या मज्जातंतूंचा. बेडकाला मेरुरज्जूतून निघणाऱ्या मज्जातंतूंच्या दहा जोड्या असतात. त्यांतल्या शेवटच्या जोड्यांतले तंतू मूत्राशय आणि अवस्कराच्या परिसराकडे जातात. स्वायत्त चेतासंस्थेला ते नाव देणारे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन लँगली यांनी रशियाच्या लिओन ऑर्बेली यांच्यासह १९१०च्या सुमारास बेडकाच्या या मज्जातंतूंचा पद्धतशीर अभ्यास केला होता.

इथे बेडकाची एक खासियत सांगायला हवी. आपल्या शरीरात अनुकंपी (याच संस्थेतल्या, शरीराला सज्ज करणाऱ्या) मज्जातंतूंच्या टोकांतून मुख्यतः नॉरऍड्रेनलिन सुटतं. बेडकात तिथे ऍड्रेनलिनच सुटतं. ऑटो लोवी यांनी १९२१मध्ये बेडकाच्याच हृदयांवर प्रयोग करून मज्जातंतू रसायनांतून बोलतात हे दाखवलं. हृदयाची गती वाढवणाऱ्या मज्जातंतूचं बेडकातलं रसायन पुढे ऍड्रेनलिन असल्याचं ठरलं. काही जातींच्या नर बेडकांना नुसतं ऍड्रेनलिन टोचलं तरी शुक्राणू बाहेर येतात. टोचलेलं औषध इथे मज्जातंतूंचीच भाषा बोलत असतं.

याच मज्जातंतूंच्या गाठींमध्ये १९७९मध्ये आणखी एक नवल सापडलं. लिली जान, युह नुंग जान आणि स्टीफन कफलर हे अमेरिकन बुलफ्रॉगच्या पाठीच्या कण्याशेजारच्या गाठी तपासत होते. तिथे एक मज्जापेशी दुसरीला संदेश देताना जीएनआरएचसारखंच रसायन वापरते असं त्यांना दिसलं. त्याचा परिणाम नेहमीच्या संदेशासारखा क्षणभराचा नसून काही मिनिटं टिकणारा होता. या गाठींतले तंतू मुख्यतः मागच्या पायांच्या कातडीतल्या ग्रंथींकडे आणि रक्तवाहिन्यांकडे जातात, प्रजनन इंद्रियांकडे नाही. तरी एकाच कुळातलं रसायन मेंदूत संप्रेरक म्हणून आणि गाठीत मज्जासंदेश म्हणून वापरलं जातं, हे कळल्यावर संप्रेरकं एका बाजूला आणि मज्जातंतू दुसऱ्या बाजूला अशी शाळेत शिकलेली रेघ पुसट होते.

मिठी, आणि ती सोडणं

आता अंडी पिशवीत तयार आहेत, शुक्राणूही तयार आहेत. दोघांना एका क्षणावर आणणारी गोष्ट म्हणजे नराची मिठी. बहुतेक बेडकांत नर मादीच्या पाठीवर चढून पुढच्या पायांनी तिला काखेखाली किंवा कमरेत घट्ट धरतो. ही पकड तासन्‌तास टिकते, काही भेकांमध्ये कित्येक दिवस. एवढा वेळ आपल्या दंडाचा स्नायू आवळून ठेवायचा म्हटलं तर काही मिनिटांत हात थरथरायला लागेल. बेडकाच्या पुढच्या पायांत मात्र हळू आकुंचन पावणारे आणि तसेच टिकून राहणारे खास स्नायुतंतू असतात. नराच्या रक्तातल्या टेस्टोस्टेरॉनमुळे विणीच्या काळात हे स्नायू भरतात, त्यांचा जोर आणि टिकाऊपणा बदलतो, आणि अंगठ्यावर खरखरीत गादी येते. वृषणं काढलेल्या नराची पकड ओसरते.

या मिठीचा सर्वांत जुना आणि सर्वांत क्रूर अभ्यास अठराव्या शतकातला. इटलीतल्या पाव्हिया विद्यापीठात शिकवणारे धर्मगुरू लाझारो स्पालान्झानी यांनी मिठीत असलेल्या नराचे पाय, अगदी डोकंही कापून पाहिलं. नरानं मादीला सोडलं नाही. १८६९मध्ये जर्मन शरीरशास्त्रज्ञ फ्रीडरिख गोल्ट्झ यांनी आणखी खोलात जाऊन दाखवलं की मेरुरज्जूचा वरचा छोटा तुकडा, पुढचे दोन पाय आणि छातीची कातडी एवढंच उरलं तरी छातीला काही लागताच पाय आवळले जातात. म्हणजे मिठीची पूर्ण यंत्रणा मेरुरज्जूत आहे. स्पर्श आत जातो, मेरुरज्जूतच वळतो आणि स्नायूंकडे परत येतो.

मग मेंदू काय करतो? तो रोखतो. एरवी वर्षभर मेंदूकडून मेरुरज्जूकडे थांबवण्याचा संदेश उतरत असतो, म्हणून नर हाताला लागेल त्याला मिठी मारत सुटत नाही. डोकं कापल्यावर पकड ढिली होण्याऐवजी अधिक पक्की होते, कारण रोखणारा नाहीसा झालेला असतो. विणीच्या काळात टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावाखाली मेंदू स्वतःच हा आवर सैल करतो.

याचा एक परिणाम आपल्या परिसरात फार दुःखद आहे. मिठीतली जोडी टॉर्चचा उजेड पडला तरी पळत नाही. गोव्यात आणि कोकणाच्या काही भागांत पहिल्या पावसात मांसासाठी बुलफ्रॉग पकडले जातात, आणि हाती लागतात ते बहुतेक अंडी घालायला आलेले. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार ही शिकार गुन्हा आहे. एक मादी पोत्यात गेली की तिच्याबरोबर त्या वर्षीची तिची सगळी अंडीही जातात.

मिठी सुटते कशी, ते मिठीइतकंच देखणं आहे. चुकून नरानं नराला किंवा अंडी नसलेल्या मादीला धरलं, तर धरलेला बेडूक एक विशिष्ट आवाज काढतो आणि कुशी थरथरवतो. त्या थरथरीनं नर सोडतो. अंड्यांनी भरलेली मादी मात्र गप्प राहते. ती गप्प का राहते? सिंथिया डायकोव यांनी १९७०च्या दशकात लेपर्ड फ्रॉग या अमेरिकेतल्या बेडकावर काम करून दाखवलं की पोट ताणलेलं असणं हे त्याचं कारण आहे. व्हॅसोटोसिन टोचलेली मादी अंगात पाणी धरून ठेवते, फुगते, आणि सुटकेचा आवाज काढायचं थांबवते. पोट भरलेलं आहे ही खबर मज्जातंतूंमार्फत मेंदूपर्यंत जाते आणि आवाज बनवणाऱ्या केंद्राला रोखते. अंडी घालून झाली की ताण उतरतो, रोख उठतो, मादी आवाज काढते आणि नर तिला सोडतो. अंडवाहिनीला आवळणारं आणि मादीला गप्प ठेवणारं रसायन एकच. मला या संपूर्ण विषयातली ही सर्वांत सुंदर जुळणी वाटते.

हुंबरळीचा रातबेडूक

मिठीशिवायही वेळ जुळवता येते का? येते, आणि त्याचं उदाहरण सह्याद्रीतच आहे. बॉम्बे नाइट फ्रॉग हा पश्चिम घाटातल्या ओढ्यांकाठचा बेडूक. त्याचं शास्त्रीय नाव निक्टिबॅट्रॅकस हुमायुनी. मुंबईचे पक्षितज्ज्ञ हुमायुन अब्दुलअली यांच्यावरून ते ठेवलेलं आहे. बेडकांच्या पायांच्या निर्यातीविरुद्ध त्यांनी लिहिलं होतं, आणि ती निर्यात भारतानं १९८७मध्ये बंद केली.

सातारा जिल्ह्यातल्या हुंबरळीजवळ रात्री जागून केलेल्या निरीक्षणांतून २०१६मध्ये या बेडकाची पद्धत जगासमोर आली. नर मादीवर स्वार होतो, पण तिला कवळत नाही. त्याचे हात ती बसलेली असते त्या पानावर, फांदीवर किंवा दगडावर टेकलेले असतात. तो तिच्या पाठीवर शुक्राणू सोडतो आणि निघून जातो. त्यानंतर मादी अंडी घालते. तिच्या पाठीवरून ओघळलेल्या शुक्राणूंनी ती फलित होतात. तोवर बेडकांच्या मिठीचे सहा प्रकार माहीत होते, हा सातवा ठरला.

पाण्यात अंडी घालणाऱ्या बेडकांना इतकी सवड परवडली नसती. इथे अंडी ओढ्यावर लोंबणाऱ्या पानांवर, पाण्याबाहेर घातली जातात आणि शुक्राणू मादीच्या ओल्या पाठीवर असतात. पाण्यात पडताच सुरू होणारी घाई नाही, म्हणून नर आणि मादी यांचे क्षण थोडे वेगळे पडले तरी चालतं. मादीच्या शरीराला अंडी सोडायला नराच्या दाबाची वाट पाहावी लागत नाही.

ताण आला की

उभयचर म्हणजे फक्त बेडूक नव्हे. आंबोलीच्या मातीत राहणारी, पाय नसलेली, गांडुळासारखी दिसणारी देवगांडुळंही उभयचरच. २००३मध्ये तिथून गेगेनिओफिस डॅनिएली ही नवी जात नोंदवली गेली. देवगांडुळांत फलन शरीराच्या आत होतं आणि त्यासाठी नर अवस्कराचाच एक भाग स्नायूंच्या आणि द्रवाच्या दाबानं बाहेर काढतो. शेपटीवाल्या सॅलॅमँडरांपैकी बऱ्याच जातींत नर शुक्राणूंची छोटी गाठोडी जमिनीवर ठेवतो, मादी ती उचलते आणि शरीरातल्या खास नळ्यांत साठवते.

अमेरिकेच्या ओरेगॉन राज्यातल्या खरखरीत कातडीच्या न्यूटवर, म्हणजे सॅलॅमँडरच्याच एका प्रकारावर, फ्रँक मूर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. या न्यूटचा नरही मादीला कवळतो. व्हॅसोटोसिननं त्याची ही ओढ वाढते. पण त्याला पकडून डांबून ठेवलं, म्हणजे ताण दिला, की काही मिनिटांत ओढ नाहीशी होते. ताणाचं संप्रेरक कॉर्टिकोस्टेरोन टोचलं तरी तेच. त्या काळच्या समजुतीप्रमाणे स्टेरॉइड संप्रेरकं पेशीच्या केंद्रकात जाऊन जनुकांमार्फत काम करतात, आणि त्याला तास लागतात. मिनिटांत परिणाम कसा? १९९१मध्ये या गटानं दाखवलं की न्यूटच्या मेंदूतल्या मज्जापेशींच्या बाहेरच्या आवरणावरच कॉर्टिकोस्टेरोन पकडणारे ग्राहक (रिसेप्टर) रेणू आहेत. साप जवळ आला तर प्रजनन तिथल्या तिथे थांबवणारा हा सर्वांत जलद रोख.

रोख उठवायचं औषध

हे सगळं आज इतकं निकडीचं का आहे? २०२३च्या जागतिक आढाव्यानुसार उभयचरांच्या सुमारे ४१ टक्के जाती धोक्यात आहेत. काही जाती आता फक्त बंदिवासातच उरल्या आहेत. बंदिवासात एक अडचण सारखी येते: माद्यांच्या पोटात अंडी पूर्ण वाढलेली असतात, पण त्या ती घालत नाहीत. पाऊस नाही, कोरस नाही, ताण भरपूर. मेंदूनं दार उचललेलंच नसतं.

नुसतं जीएनआरएच टोचलं तर काही जातींत काम होतं, काहींत होत नाही. कारण बेडकाच्या मेंदूत आणखी एक रोख आहे. डोपामिन बनवणाऱ्या काही मज्जापेशी पियुषिकेला एलएच सोडण्यापासून अडवतात. एका बाजूनं हुकूम आणि दुसऱ्या बाजूनं मनाई, दोन्ही एकाच वेळी. आपल्याकडच्या मत्स्यबीज केंद्रांना हा अनुभव जुना आहे. रोहू आणि कटला यांच्या प्रजननासाठी तिथे जीएनआरएचसारखं रसायन आणि डोपामिनला अडवणारं डोम्पेरिडोन अशी जोडी एकत्र टोचली जाते. कॅनडातल्या व्हॅन्स ट्रुडो यांच्या गटानं हीच कल्पना बेडकांसाठी वापरली आणि २०१०मध्ये लेपर्ड फ्रॉगवर यशस्वी करून दाखवली. त्यांनी डोपामिनला अडवण्यासाठी मेटोक्लोप्रामाइड घेतलं. उलटी थांबवायला आपल्या औषधाच्या दुकानात मिळतं तेच. हे मिश्रण नर आणि मादी दोघांनाही टोचायचं. दोघांच्या मेंदूतला रोख एकच असल्यामुळे एकाच इंजेक्शननं नर मादीला कवळतो आणि मादी अंडी घालते. ज्या जातींच्या ओढ्यांत आता आवाज उरलेला नाही, त्यांची पिल्लं वाढवण्याचे प्रयत्न याच वाटेनं पुढे चालले आहेत.